रिकामी खुर्ची : १९७९ साली नाकारलेला पर्याय

१/ १९७९ साली इंडोचायनातून जगापुढे दोन प्रश्न आले. व्हिएतनाममधून होड्यांतून निघालेल्या निर्वासितांना आसरा कोण देणार? आणि संयुक्त राष्ट्रसंघात कंबोडियाच्या खुर्चीवर कोण बसणार? पहिल्या प्रश्नाला जगाने उशिरा का होईना, माणुसकीने उत्तर दिले. दुसऱ्याचे उत्तर आजही बोचते.

२/ ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी फौजांनी नॉम पेन्ह घेतले आणि पोल पॉटची राजवट कोसळली. तिच्या पावणेचार वर्षांत उपासमार, वेठबिगारी व कत्तलींत १५ ते २० लाख माणसे दगावली होती. तिच्या जागी व्हिएतनामच्या आधाराने हेंग साम्रिन यांचे सरकार आले.

३/ जुलैमध्ये जिनिव्हा येथे ६५ देश जमले. निर्वासितांना सामावून घेण्याची आश्वासने सव्वा लाखावरून २ लाख ६० हजारांवर गेली. मात्र त्याच्या आदल्याच महिन्यात थायलंडने ४० हजारांहून अधिक कंबोडियन निर्वासितांना प्रीह विहारच्या कड्यावरून सुरुंग पेरलेल्या रानात परत लोटले होते.

४/ २१ सप्टेंबरला आमसभेने ७१ विरुद्ध ३५ मतांनी पोल पॉटच्या पदच्युत राजवटीचेच प्रतिनिधित्व मान्य केले. ३४ देश तटस्थ राहिले. अमेरिका आणि चीन यांनी एकाच बाजूने मत दिले.

५/ परकीय सैन्याने बसवलेले सरकार मान्य केले, तर कोणताही लहान देश सुरक्षित राहणार नाही, असा आसियान देशांचा युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता. परंतु हेंग साम्रिन यांना नाकारण्यासाठी पोल पॉटला स्वीकारणे अपरिहार्य होते काय?

६/ नव्हते. त्याच महिन्यात हवाना येथील अलिप्ततावादी परिषदेत कंबोडियाची खुर्ची रिकामी ठेवली गेली. आमसभेतही भारताने हेच सुचवले. त्यावर मतदानसुद्धा झाले नाही. पुढे जुलै १९८० मध्ये भारताने हेंग साम्रिन सरकारला मान्यता दिली, म्हणजे मधली वाट आपणही सोडली.

७/ १९८२ मध्ये सिहानूक यांच्या अध्यक्षतेखाली विरोधकांची आघाडी उभी राहिली. परराष्ट्र व्यवहार मात्र ख्मेर रूजच्या खिउ सांफान यांच्याकडेच राहिले. पॅरिस करार व्हायला ऑक्टोबर १९९१ उजाडले. तोवर सीमेवरच्या छावण्यांत एक पिढी वाढली.

८/ माझ्या मते, रिकाम्या खुर्चीने युद्ध कदाचित थांबले नसते. पण ज्यांनी आपलीच प्रजा मारली, त्यांना तिच्या नावाने बोलण्याचा अधिकार तरी मिळाला नसता. मृतांसाठी जगाला एवढे नक्कीच करता आले असते.