दोन रात्री चुलीपासून दूर

आम्ही चौघी मुंबईहून दोन रात्रींच्या क्रूझवर निघालो, तेव्हा ‘फक्त बायकाच?’ हा प्रश्न चारही घरांत झाला. जहाजकंपनी अनोळखी होती. म्हणून पैसे भरण्याआधीच विचारून घेतले. भाड्यात काय धरले आहे, काय नाही? एकटीने खोली घेतली तर भाडे दोघींचे पडते का? बहुधा पडतेच! जहाजावर झेंडा कोणत्या देशाचा? भर समुद्रात मुख्यतः त्याच देशाचा कायदा चालतो. छेडछाड झाली तर तक्रार कुणाकडे करायची, हेही लिहून घ्या.

चढल्यावर आधी संकटकाळच्या कवायतीला जा. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडले, ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. समुद्र लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी जहाज सुटण्याआधीच घ्या.

मग मात्र काहीही करू नका! पहिल्या सकाळी माझा हात सवयीने उष्टी ताटे गोळा करू लागला. ती उचलायला आलेली मुलगी हसली. कित्येक महिने ती घरी गेली नव्हती. तिचे नाव विचारा, तिची कामाची वेळ विचारा. विश्रांतीचा हक्क आपण मागतो, तो तिचाही आहे.