दुसऱ्याची माय

27 फेब्रुवारी उजाडली की आमच्या साताऱ्यात मराठीला फार चांगले दिवस येतात! शाळाशाळांतून ग्रंथदिंड्या निघतात, पुरुषांच्या डोक्यांवर फेटे चढतात आणि कुसुमाग्रजांच्या तसबिरीला हार पडतो. वर्षभर नातवंडांशी इंग्रजीत बोलणारे आजोबाही त्या दिवशी मराठीच्या काळजीने व्याकूळ होतात. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर उत्साहाला भरतेच आले आहे.

अशाच एका समारंभाला मी गेलो होतो. वक्त्यांनी बेळगावच्या मराठी मुलांवर होणाऱ्या कानडी सक्तीचा खरपूस समाचार घेतला. मी मनापासून टाळ्या वाजवल्या. मग ते गरजले, "आणि आपल्या जतेत कानडी शाळा कशाला हव्यात? बंद करा त्या!" टाळ्या दुप्पट झाल्या. माझे हात मात्र तिथेच थांबले.

जत काही परक्यांचा मुलूख नव्हे. 1960 मध्ये सांगली हे नाव मिळेपर्यंत तो जिल्हा दक्षिण सातारा म्हणूनच ओळखला जाई. जतच्या पूर्वेकडील कित्येक गावांत घरची भाषा कानडी आहे. तिथल्याच एका शाळेत नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पहिलीचा वर्ग घेत होतो. एका दुपारी एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "नीरु." तिला पाणी हवे होते, हे मला कळले होते. तरी मी म्हणालो, "पाणी म्हण, मग जा." बराच वेळ ती तशीच उभी होती. शेवटी 'पाणी' म्हणाली आणि गेली. त्यानंतर वर्षभर ती वर्गात एक शब्दही बोलली नाही. मी मराठी शिकवली असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी एक मूल मुके केले होते.

वक्तेमहाशय म्हणतील, महाराष्ट्रात राहायचे तर मराठी नको का यायला? अहो, यायलाच हवी! पण ती घरच्या भाषेचे बोट धरून यावी, तिचा गळा दाबून नव्हे. आपल्या घटनेत 1956 साली 350-अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. बेळगावच्या मराठी पोरासाठी आपण ज्या कलमाचा आधार घेतो, तेच जतच्या कानडी पोरीचेही आहे. एके ठिकाणी न्याय मागायचा आणि दुसरीकडे तोच नाकारायचा, हा कुठला भाषाभिमान?

21 फेब्रुवारी 1952 रोजी ढाक्यात बंगालीसाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या. युनेस्कोने 1999 मध्ये तो दिवस मातृभाषादिन म्हणून स्वीकारला, तो एकट्या बंगालीसाठी नव्हे, जगातल्या सगळ्या मातृभाषांसाठी. आपल्याला मात्र शेजारच्या घरातली एक भाषा सोसवत नाही!

आणि कानडी आपल्याला परकी तरी केव्हा होती? संतांनी आपल्या विठ्ठलालाच कानडा म्हटले. आपण हाक मारतो ते अण्णा आणि अक्का तिकडचेच. आजच्या फराळातल्या लाडवांत पडलेले तूपदेखील कानडी 'तुप्प'च. कानडी वगळून दिवाळी करायची म्हटली, तर लाडू कोरडेच खावे लागतील.

माझी मागणी मोठी नाही. येत्या 27 फेब्रुवारीला जतच्या एखाद्या मुलीला साताऱ्याच्या व्यासपीठावर बोलवा. तिला आधी कानडी कविता म्हणू द्या, मग मराठी. दोन्ही कवितांना सारख्याच टाळ्या द्या. आणि मध्येच तिने 'नीरु' मागितले, तर कृपा करून तिला आधी पाणी द्या. शब्द ती मागाहून शिकेल. मला हे समजायला फार उशीर झाला. तुम्हांला तो होऊ नये.