न्यूट्रल का तापतो?

इमारतीच्या मीटरच्या खोलीतून जळका वास येतो. वायरमन येऊन पाहतो, तर तिन्ही फेजच्या वायर ठीक असतात आणि एमसीबीही पडलेला नसतो. काळवंडलेली असते ती न्यूट्रलची जोडणी. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलमधून जवळजवळ प्रवाहच वाहत नाही, असे पाठ्यपुस्तक सांगते. मग तो तापतो कसा? याचे उत्तर घराघरांत बदललेल्या उपकरणांत आहे.

आपल्याकडे घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि तिची गुळगुळीत लाट सेकंदाला ५० आवर्तने करते. जुना पिवळा बल्ब, इस्त्री किंवा गिझर या लाटेच्या चढउताराप्रमाणेच प्रवाह घेतात. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, संगणक आणि टीव्ही यांना मात्र डीसी वीज लागते. त्यासाठी त्यांच्यात रेक्टिफायर आणि कॅपॅसिटर असतो. कॅपॅसिटर म्हणजे जणू पाण्याची टाकी. बाहेरचा दाब टाकीतल्या पातळीपेक्षा जास्त असतो तेवढ्या वेळातच ती भरते. त्यामुळे ही उपकरणे लाटेच्या माथ्यावर क्षणभर झटक्याने प्रवाह ओढतात आणि बाकीच्या वेळी जवळजवळ काहीच घेत नाहीत.

असा तुटक, टोकदार प्रवाह म्हणजे अनेक लाटांची बेरीज असते. मूळ ५० हर्ट्झच्या लाटेसोबत १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या लाटाही त्यात असतात. त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. यातली १५० हर्ट्झची, म्हणजे तिसरी, न्यूट्रलची वैरीण आहे. तीन फेजच्या मूळ लाटा एकमेकींच्या एकतृतीयांश आवर्तन मागे असतात, म्हणून न्यूट्रलमध्ये त्या एकमेकींना रद्द करतात. पण मूळ लाटेचे एकतृतीयांश आवर्तन म्हणजे तिसऱ्या हार्मोनिकचे एक पूर्ण आवर्तन. त्यामुळे तिन्ही फेजच्या या लाटा एकाच तालात येतात आणि त्यांची बेरीज होते. प्रत्येक फेजमध्ये १० अँपिअर प्रवाह असेल आणि त्यातला तिसरा हार्मोनिक ५ अँपिअर असेल, तर न्यूट्रलमधून १५ अँपिअर वाहतात, फेजपेक्षाही जास्त.

आपल्याकडची अडचण इथेच आहे. अनेक इमारतींमध्ये साडेतीन कोअरची केबल असते. त्यातला ‘अर्धा’ कोअर म्हणजे न्यूट्रल, फेजच्या सुमारे निम्म्या जाडीचा. न्यूट्रलमधून फारसे काही वाहत नाही, हे गृहीत धरून केलेली ही बचत. शिवाय एमसीबी बहुधा फेजवरचा प्रवाह पाहतो. न्यूट्रल तापला तरी त्याला पत्ता लागत नाही. जोडणी जळून न्यूट्रल तुटलाच, तर काही घरांत व्होल्टेज खूप खाली जाते आणि काही घरांत ते ४०० व्होल्टच्या दिशेने चढते. मग एकाच वेळी अनेकांचे टीव्ही आणि फ्रिज जळतात, आगीचाही धोका असतो.

नुकसान इमारतीपुरते राहत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांमधले भोवरी प्रवाहामुळे होणारे नुकसान वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून हार्मोनिक्स असलेल्या भारावर तोच ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो आणि लवकर थकतो. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी बसवलेले कॅपॅसिटरही काही वेळा हार्मोनिक्स वाढवतात आणि स्वतः जळतात.

याचा दोष एलईडीच्या माथी मारणे मात्र चुकीचे ठरेल. ६० वॉटचा जुना बल्ब सुमारे ०.२६ अँपिअर घेतो. ९ वॉटच्या एलईडीचा पॉवर फॅक्टर अगदी ०.५ धरला, तरी तो ०.०८ अँपिअरच्या आसपासच घेतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी वाटले गेले. त्यातून झालेली विजेची बचत खरीच आहे. प्रश्न आहे तो स्वस्त सर्किटचा आणि वाढत्या संख्येचा.

नियमांची फट नेमकी संख्येपाशी आहे. आयईईई ५१९ हे मानक ग्राहक जिथे वीजजाळ्याला जोडला जातो त्या ठिकाणच्या हार्मोनिक्सवर मर्यादा घालते. आयईसी ६१०००-३-२ एकेका उपकरणाला बांधते, पण दिवे वगळता ७५ वॉटपर्यंतच्या बहुतेक उपकरणांना त्यातून सूट आहे. एकटा चार्जर निरुपद्रवी असतो. शेकडो चार्जर एकाच केबलवर आले की हिशेब बदलतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांच्या शीर्षकातच ‘पॉवर क्वालिटी’ हे शब्द आहेत. तरीही घरगुती बिल फक्त युनिट मोजते, लाटेचा आकार मोजत नाही. त्यामुळे चांगल्या सर्किटसाठी चार पैसे जास्त मोजण्याचे कारण ग्राहकाला दिसत नाही आणि उत्पादकालाही.

सोसायट्यांना मात्र नियमांची वाट पाहण्याची गरज नाही. वायरिंगची तपासणी करताना न्यूट्रलचा प्रवाह ‘ट्रू आरएमएस’ क्लॅम्प मीटरने, संध्याकाळी भार जास्त असताना मोजायला सांगावा. साधा मीटर टोकदार प्रवाह कमी दाखवतो. न्यूट्रलच्या जोडण्या अधिकृत विद्युत ठेकेदाराकडून घट्ट करून घ्याव्यात. केबल बदलताना न्यूट्रल निदान फेजइतका जाड घ्यावा. दिवे घेताना खोक्यावरचा पॉवर फॅक्टर पाहावा, तो ०.९ किंवा जास्त असलेला बरा. विजेवरच्या गाड्यांचे चार्जर बसवण्याचा ठराव सोसायटीच्या सभेपुढे येईल, तेव्हा आधी केबलच्या न्यूट्रलची जाडी विचारावी.