शटर ओढण्याआधी ऑफिसच्या फोनकडे बघा

ज्यांच्या ऑफिसात, दवाखान्यात, हॉटेलात किंवा कारखान्यात इंटरनेटवर चालणारी टेलिफोन यंत्रणा आहे, त्या सर्वांना कळकळीची विनंती: या शनिवारी शटर ओढण्याआधी ती तपासून घ्या.

ही यंत्रणा, म्हणजे आयपी-पीबीएक्स, हा इंटरनेटला जोडलेला संगणकच आहे. इंटरनेटवरचे कॉल जोडण्यासाठी वापरला जाणारा ५०६० हा पोर्ट कुठे उघडा सापडतो, हे हुडकणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्डही १०१ असला, की चोर तुमच्या लाइनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल लावत सुटतात. त्या कॉलच्या कमाईत त्यांचा वाटा असतो. बिल मात्र तुमच्या नावावर फाटतं. हे बहुधा रात्री नाहीतर सुट्टीत होतं, कारण तेव्हा बघायला कुणी नसतं.

नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘फ्रीपीबीएक्स’ या पीबीएक्स सॉफ्टवेअरमधल्या एका त्रुटीमुळे हल्लेखोरांना पासवर्डशिवायच आत शिरता आलं, आणि दुरुस्ती येण्याआधीच हल्ले सुरू झाले होते. फटका बसला तो अ‍ॅडमिनचं पान थेट इंटरनेटवर उघडं ठेवणाऱ्यांना. यंत्रणा बसवून देणारे अनेकदा स्वतःच्या सोयीसाठी हे पान उघडं ठेवून जातात, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. त्याआधी मार्च २०२३ मध्ये ‘थ्रीसीएक्स’ या फोन-यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीच्या डेस्कटॉप अ‍ॅपच्या अधिकृत अपडेटमधूनच मालवेअर पसरला होता. म्हणून अपडेट वेळेवर कराच, पण कंपनीच्या सुरक्षा-सूचनांवरही कुणीतरी नजर ठेवायला हवी. त्या माणसाचं नाव आजच ठरवा.

तुमच्या व्हेंडरला आत्ता फोन लावा. अ‍ॅडमिनचं पान फक्त ऑफिसच्या नेटवर्कवरून किंवा व्हीपीएनमधूनच उघडेल, असं करून घ्या. ५०६० फक्त तुमच्या सेवा-कंपनीच्या पत्त्यांपुरता ठेवा. प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळा, लांबलचक पासवर्ड द्या. परदेशी फोन करावे लागत नसतील तर आयएसडी सेवा-कंपनीकडूनच बंद करून घ्या. करावे लागत असतील तर रोजच्या खर्चाला मर्यादा घाला.

आणि घात झालाच, तर आधी सेवा-कंपनीला सांगून बाहेर जाणारे कॉल थांबवा. घाईघाईने मशीन फॉरमॅट करू देऊ नका, त्यातल्या नोंदी हाच तुमचा पुरावा आहे. १९३० या सायबर-गुन्हे हेल्पलाइनवर तक्रार करा. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांनाही कळवावं लागतं.