पांढऱ्या उंदरांची वही

कांदिवलीच्या एका धान्य-व्यापाऱ्याच्या नातीने जीवशास्त्राची पदवी घेऊन प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात नोकरी धरली, तेव्हा घरात दोन दिवस कोणी मोकळेपणाने बोलले नाही. पंचेंद्रिय जीवांची पैदास हे तिचे काम. तिसऱ्या दिवशी आजोबांनीच विचारले, "तू तिथे नेमके काय करतेस?"

"वही लिहिते, आजोबा."

पांढऱ्या उंदराची मादी सहा-आठ आठवड्यांत वयात येते; गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा, आणि तितक्याच दिवसांनी पिल्ले आईपासून वेगळी केली जातात. सात-आठ महिन्यांनंतर मात्र दोन वेतांमधील अंतर वाढते, पिल्लांची संख्या घटते. वही नीट नसेल तर ही उतरण उशिरा दिसते. मग टंचाईच्या भीतीने एकदम पुष्कळ जोड्या लावल्या जातात आणि काही महिन्यांत गरजेहून अधिक पिल्ले जन्मतात. त्यांची गरज कोणालाच नसते. त्या जोड्या पुन्हा एकाच वेळी म्हाताऱ्या होतात, ते वेगळेच.

म्हणून प्रत्येक पिंजऱ्यावर कार्ड असते: जोडी लावल्याची तारीख, वेताची तारीख, जन्मलेली व जगलेली पिल्ले. सुमारे दोन महिने वेत नसेल तर जोडी थांबवायची आणि दरमहा थोड्याच तरुण जोड्या लावायच्या. अर्थात प्रत्येक घट वयाचीच नसते. दिव्यांच्या वेळा बिघडल्या, शेजारी ड्रिलिंग सुरू झाले (उपनगरात ते कुठे थांबते?), तर तरुण मादीही पिल्ले खाऊन टाकते. नवख्या नराच्या नुसत्या वासानेही कोवळा गर्भ टिकत नाही.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली १९९८ साली झालेल्या नियमांनी अशा पैदाशीसाठी नोंदणी सक्तीची केली आहे. पण कोणती जोडी केव्हा थांबवायची, ते वही लिहिणाऱ्यानेच पाहायचे.

"म्हणजे नाशवंत माल एकदम भरू नये," आजोबा म्हणाले.

"माल नाही, आजोबा."

ते वरमले. मग हळूच विचारले, "थांबवलेल्या जोड्यांचे काय होते?"

"बहुतेकांना वेदना न देता मारतात," ती म्हणाली. तिने शब्द मऊ केला नाही.

आजोबांनी नोकरी सोडायला सांगितले नाही, आशीर्वादही दिला नाही. पण महिनाअखेरीस दुकानाचा हिशेब मिटवला की ते तिला एकच आकडा विचारतात: या महिन्यात गरजेपेक्षा किती अधिक जन्मली?