तक्ता वाचणारा रुग्ण रस्ता ओलांडतो का?

रेटिनायटिस पिगमेंटोसाचा रुग्ण तक्त्यावरची ६/९ ची ओळ सहज वाचतो आणि खोलीतून बाहेर पडताना दाराजवळच्या स्टुलाला धडकतो. नेत्रविकाराची ओपीडी चालवणाऱ्यांना हे नवे नाही. तरीही केसपेपरवर नोंद होते ती ६/९ चीच. उलट, मॅक्युला खराब झालेल्या आजींना तक्त्यावरचे सर्वांत मोठे अक्षरही धड दिसत नाही. पण बाजूची नजर शाबूत असल्याने त्या घरात नि अंगणात बिनधास्त वावरतात. वाचायला मधली नजर लागते. चालायला मुख्यतः दृष्टिक्षेत्र लागते, शिवाय पायरीची कड ओळखण्याइतका कॉन्ट्रास्ट आणि संधिप्रकाशात टिकणारी नजर.

कायद्याने ही गोष्ट मान्य केली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तर ते अंधत्वच. १० ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर अल्पदृष्टी. म्हणजे तक्त्याची शेवटची ओळ वाचणारा माणूसही कायद्याने अंध असू शकतो. काचबिंदूच्या रुग्णाची पेरिमेट्री आपण नियमित करतो, पण ती औषध लागू पडते की नाही हे पाहण्यासाठी. हा माणूस जिना कसा उतरतो, हे त्या आलेखावरून आपण क्वचितच विचारतो.

पांढरी काठी म्हणजे नजर पूर्ण गेल्यावरची गोष्ट, हा समज रुग्णाइतकाच आपल्यातही रुजला आहे. लांब काठीचे तंत्र रिचर्ड हूवर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकेतील व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात, दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी बसवले. हूवर पुढे स्वतः नेत्रतज्ज्ञ झाले. काठीची उंची साधारण छातीच्या हाडापर्यंत असते. तिचे टोक खांद्यांपेक्षा किंचित रुंद कमानीत फिरते आणि पुढचे पाऊल जिथे पडणार, ती जागा आधी तपासते. कमरेच्या वर आलेली फांदी किंवा टपरीचे छप्पर तिला कळत नाही. म्हणूनच थोडी नजर शिल्लक असलेल्याला ती जास्त उपयोगी पडते: जमीन काठी सांभाळते, आणि एरवी पायांशी खिळलेली अरुंद नजर समोर पाहायला मोकळी होते.

हे शिक्षण नजर असतानाच सुरू व्हायला हवे. अडचण बहुधा घरातून येते. 'काठी घेतली की लोक आंधळा म्हणतील' या धास्तीपुढे प्रशिक्षकाचे काही चालत नाही. डॉक्टरांचा शब्द मात्र घरचे मानतात. पण आपण 'आता यावर उपचार नाही' एवढे सांगून, प्रमाणपत्राचा फॉर्म भरून मोकळे होतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. दृष्टिक्षेत्र आकसू लागलेल्या प्रत्येक रुग्णाला विचारावे: अंधार पडल्यावर एकटे बाहेर जाता का? गेल्या काही महिन्यांत कुठे पडलात, धडकलात? उत्तर केसपेपरवर लिहावे. दुसरे, राष्ट्रीय अंध संघासारख्या संस्थांच्या शाखांमध्ये किंवा जवळच्या विशेष शिक्षकांकडे चालण्याचे प्रशिक्षण कुठे मिळते, याची चौकशी आपणच करून ठेवावी आणि औषधांसारखीच तीही शिफारस लेखी द्यावी. तिसरे, दवाखान्याच्या पायऱ्यांच्या कडांना ठळक पिवळी पट्टी मारावी, आणि रुग्णाचा दंड धरून त्याला ओढण्याऐवजी आपले कोपर त्याच्या हाती द्यावे, हे कर्मचाऱ्यांना शिकवावे. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही.