गच्चीवरचे विमान

आमच्या इंदापूरकरांना विमानाचे अप्रूप राहिलेले नाही. शेजारी बारामतीला वैमानिक घडतात. उसाला पाणी देणारा शेतकरी शिकाऊ विमानाच्या घरघरीने मानही वर करीत नाही. २५ जुलै २०२२ रोजी त्यांतलेच एक, ‘सेसना १५२’, कडबनवाडीच्या शेतात कोसळले. शिकाऊ तरुणी सुदैवाने बचावली. तेव्हा मनात आले, अमेरिकेत ज्याचे उत्पादन १९८५ सालीच थांबले, त्या विमानावर आपली मुले अजून शिकतात!

मग आठवले फेब्रुवारी २०१६ मधले मुंबईचे ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शन. तिथे मी सहा आसनी विमान पाहिले. कॅप्टन अमोल यादव यांनी ते कांदिवलीत, राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधले होते. लोक कौतुकाने पाहत होते. पण कौतुकाने विमान उडत नाही. त्याला नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले २०२० साली.

१८९५ मध्ये तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपण अभिमानाने सांगतो. तिला पक्का पुरावा नाही. ज्याचे विमान डोळ्यांसमोर उभे आहे, त्याला मात्र आपण कागदांच्या रांगेत उभे करतो. सुरक्षेची तपासणी कठोर हवीच. पण ती वेळेत व्हायला नको का? उद्या आमच्या उसावरून देशी बनावटीचे विमान गेले, तर आम्ही पुन्हा मान वर करून पाहू.